आजीच्या डब्यातल्या नोटा

हातातलं काम चालू राहू दे. तांदूळ निवडायचे असतील तर निवडा, फक्त कान इकडं द्या. आज आम्ही सहाजणी मिळून बोलतोय, तिघी शहापूरकडच्या आणि तिघी मुरबाडकडच्या. विषय आहे जुन्या नोटा. पेटीच्या तळाशी, देव्हाऱ्यातल्या डबीत, आजीच्या बटव्यात पडून राहिलेल्या नोटा. कुठली नोट अजून चालते, कुठली मेली, कुठलीला खरंच मोल आहे आणि त्या नोटेच्या नावानं आपल्याला कोण लुबाडतं, हे आज सांगायचं आहे.

हा विषय आम्ही हौसेनं निवडला नाही. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचे साडेसात हजार रुपये गेले, म्हणून निवडला. तीच म्हणाली, "माझं नाव घेऊ नका, पण माझी गोष्ट सांगा."

झालं असं. तिच्या मुलाच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची जुनी नोट असेल तर पाच लाख रुपये मिळतील, म्हणून. तिच्याकडं तशा दोन नोटा होत्या. तिनं खालच्या नंबरवर फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन. "ताई, तुमची नोट पास झाली. अभिनंदन!" माणूस गोड बोलणारा. त्यानं बँकेचं चिन्ह असलेलं ओळखपत्र पाठवलं. मग म्हणाला, नोंदणीचे ७५० रुपये भरा. भरले. दुसऱ्या दिवशी म्हणाला, रक्कम मोठी आहे, आधी जीएसटीचे २,३०० भरावे लागतील. तेही भरले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, पैसे घेऊन गाडी निघाली आहे, कसाऱ्यापर्यंत आली, तिच्या विम्याचे ४,५०० द्या, नाहीतर गाडी परत जाईल. घरात पैसे नव्हते. गटाचे गोळा झालेले हप्ते तिच्याकडं होते, दुसऱ्या दिवशी बँकेत भरायचे. तिनं त्यातले दिले. एकूण ७,५५० रुपये. गाडी काही आली नाही. फोनही लागेना.

आठ दिवस ती जेवली नाही नीट. मग बैठकीत उभी राहिली आणि रडत रडत सगळं बोलली. आम्ही तिला रागावलो नाही. खरं सांगायचं तर आमच्यातल्या चौघींनी तोच व्हिडिओ पाहिला होता आणि दोघींनी घरात नोटा शोधल्याही होत्या. गटानं ठराव केला, ४,५०० रुपये तिच्या नावावर अंतर्गत कर्ज म्हणून लिहिले, हप्ते वेळेवर भरले. १९३० नंबरवर तक्रारही केली. पण आठ दिवस उलटून गेले होते. फसवणूक झाली की त्याच घटकेला १९३० लावायचा असतो, म्हणजे पैसे पुढं सरकायच्या आत अडवता येतात. हे आम्हाला तेव्हा कळलं. तुम्हाला आज कळतंय, तेवढा आमचा तोटा तुमच्या फायद्याचा.

त्यानंतरच्या बैठकीत आम्ही ठरवलं, प्रत्येकीनं घरातली जुनी नोट, जुनं नाणं घेऊन यायचं. काय आहे ते एकदा बघूच. चटई अंथरली आणि सगळं मांडलं. बाई गं, काय काय निघालं! मोराची दहाची नोट. शिडाच्या नावेची दहाची नोट. हिराकूड धरणाची शंभराची मोठी नोट. आर्यभट्ट उपग्रहाची दोनाची. समुद्रातल्या तेलविहिरीची एकाची. आणि एका मैत्रिणीनं आणलेलं पाकीट उघडलं तर त्यात परदेशी नोटा. तिचा भाऊ मालवाहू जहाजावर खलाशी होता. पनामा कालव्यातून जहाज जायचं, तेव्हा बंदरात उतरून त्यानं बहिणीसाठी त्या देशांच्या नोटा आणल्या होत्या. अमेरिकेचे दोन मोठे तुकडे जोडणारी जी चिंचोळी पट्टी आहे, तिथले हे छोटे छोटे देश. ग्वाटेमाला, होंडुरास, कोस्टा रिका.

ग्वाटेमालाच्या पैशाचं नाव क्वेट्झाल. हे एका पक्ष्याचं नाव आहे, लांब हिरव्या शेपटीचा पक्षी. जुन्या काळी तिथले लोक त्याच्या पिसांना फार मोल देत. होंडुरासच्या पैशाचं नाव लेंपिरा. परक्या राज्यकर्त्यांशी लढलेल्या तिथल्या आदिवासी पुढाऱ्याचं हे नाव. आपल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरच्या मैत्रिणींना हे फार आवडलं. देशाच्या पैशाला आदिवासी वीराचं नाव!

पण सगळ्यांत देखणी निघाली कोस्टा रिकाची पाच कोलोनची नोट. तिच्या मागच्या बाजूला रंगीत चित्र आहे. बाया-माणसं कॉफीची फळं खुडतायत, केळीचे घड वाहतायत, मागं समुद्र आणि जहाजं. हे चित्र तिथल्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या छतावर आहे. १८९७ साली एका इटालियन चित्रकारानं काढलेलं. आमच्यातली केळी लावणारी वहिनी नोट डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "अगं, घड असा धरतात का कधी?" आम्ही हसलो. पण ती बरोबर होती! त्या देशातही हे चित्र दाखवताना लोक हेच सांगतात. चित्रकारानं केळीची बाग पाहिलीच नसावी, घड धरायची रीत चुकली, आणि कॉफी होते डोंगरात, त्यानं ती दाखवली समुद्राकाठी. शेतात राबणाऱ्या बाईला जे एका नजरेत कळलं, ते मोठ्या चित्रकाराला कळलं नव्हतं.

आता एवढी सुंदर, एवढी जुनी नोट. किती किंमत असेल? आम्ही म्हटलं, लाखभर तरी. तर नाही. ही नोट इतकी छापली गेली आणि पर्यटकांनी आठवण म्हणून इतकी जपून ठेवली की ती आजही सहज आणि स्वस्तात मिळते.

उलट शेजारच्या पनामाची गोष्ट ऐका. तो देश अमेरिकेचे डॉलर वापरतो. १९४१ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षानं स्वतःच्या देशाच्या नोटा काढल्या. आठवडाभरात त्याची सत्ता गेली. नव्या सरकारनं नोटा परत घेतल्या आणि बहुतेक जाळून टाकल्या. म्हणून लोक त्यांना सात दिवसांच्या नोटा म्हणतात. ज्या थोड्या वाचल्या, त्यांच्यासाठी संग्राहक मोठी रक्कम मोजतात. दिसायला त्या कोस्टा रिकाच्या नोटेएवढ्या देखण्या नाहीत, पण मोजक्याच उरल्या आहेत.

मैत्रिणींनो, सगळा हिशेब इथं आहे. नोट जुनी आहे म्हणून महाग होत नाही. चित्र चांगलं आहे, नंबरात ७८६ आहे, देवीचं चित्र आहे म्हणूनही कोणी लाख देत नाही. जाणकार तीन गोष्टी बघतो. तशा नोटा जगात किती उरल्या? ही नोट कशी राहिली आहे, कोरी की घडी पडलेली? आणि ती हवी असणारे किती जण आहेत? ट्रॅक्टरची पाचाची नोट घ्या. ती आपण सगळ्यांनी भाजीवाल्याला दिली आहे, एसटीच्या कंडक्टरला दिली आहे. अशा नोटा गावोगाव पडून आहेत. जी वस्तू घरोघरी आहे, तिला पाच लाख कोण कशाला देईल? एवढा एक प्रश्न मनाला विचारला असता, तर आमच्या मैत्रिणीचे पैसे वाचले असते.

आता आपल्या नोटांची थोडी हकिगत. एक रुपयाची कागदी नोट आपल्याकडं पहिल्यांदा आली १९१७ साली. पहिलं महायुद्ध चालू होतं, चांदी मिळेना, म्हणून चांदीच्या रुपयाऐवजी कागद दिला. आधी नोटा विलायतेहून छापून यायच्या. मग १९२८ पासून त्या इथं छापू लागल्या, आणि कुठं, तर आपल्या कसारा घाटाच्या वर, नाशिक रोडला. रिझर्व्ह बँकेची पहिली नोट निघाली जानेवारी १९३८ मध्ये, पाच रुपयांची. त्याच वर्षी दहा हजारांचीही नोट निघाली होती! स्वतंत्र भारताची पहिली नोट १९४९ ची, एक रुपयाची. राजाचं तोंड गेलं आणि सारनाथचे सिंह आले.

एक गंमत घरी करून बघा. एक रुपयाची नोट घ्या आणि दहाची घ्या. दहाच्या नोटेवर गव्हर्नरची सही आणि पैसे देण्याचं वचन असतं. एकाच्या नोटेवर ते वचन नसतं आणि सही असते वित्त सचिवांची, कारण ती नोट बँकेची नसून थेट भारत सरकारची असते. आता दहाच्या नोटेची मागची बाजू बघा. पंधरा भाषांची पट्टी दिसेल. वरून आठवी ओळ आपल्या मराठीची. आमच्यातली एक आजी रात्रवर्गात अक्षरं शिकली आहे. तिनं ती ओळ बोट ठेवून वाचली आणि म्हणाली, "इतकी वर्षं हातातून गेली, पण वाचली आज."

आणि पैशाचा हिशेब आपल्या भागाला नवा नाही. मुरबाडहून टोकावड्याच्या पुढं वैशाखऱ्याला गेलं की नाणेघाट लागतो. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकायचे म्हणतात. शेजारच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे, सातवाहनांच्या नागनिका राणीचा. त्यात यज्ञांमध्ये किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली, ते आकड्यांनिशी कोरलेलं आहे. एका बाईनं हिशेब दगडात लिहून ठेवला. आपण निदान वहीत तरी लिहावा.

आता कामाचं ऐका. चटईवरच्या नोटांचे आम्ही तीन ढीग केले. तुम्हीही तसेच करा.

पहिला ढीग, अजून चालणारा पैसा. एक, दोन, पाच रुपयांच्या नोटा, दिसत नसल्या तरी बंद झालेल्या नाहीत. पन्नास पैशांचं नाणंही चालतं. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी मात्र ३० जून २०११ पासून बंद झाली. दोन हजारांची गुलाबी नोट मे २०२३ मध्ये मागं घेतली, पण ती रद्द झालेली नाही. कोणाकडं राहून गेली असेल तर आता नेहमीच्या बँकेत घेणार नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या मुंबई किंवा बेलापूरच्या कार्यालयात न्या, नाहीतर टपालानं पाठवून आपल्या खात्यावर जमा करून घेता येते. फाटक्या नोटाही याच ढिगात. कणगीत उंदरानं कुरतडली, पेटीत वाळवी लागली, तरी फेकू नका. बँकेत बदलून मागा. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा एकसंध मोठा तुकडा अर्ध्याहून जास्त असेल तर पूर्ण पैसे मिळतात. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा ८० टक्क्यांहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे.

दुसरा ढीग, मेलेला पैसा. नोटबंदी एकदाच झाली असं आपल्याला वाटतं. १९४६ साली झाली, १९७८ साली झाली. पण त्या नोटा होत्या मोठ्यांच्या, हजाराच्या आणि त्यावरच्या. १९४६ ला पाचशेही होती, पण तेव्हा पाचशेची नोट आपल्या वाडीवर कोणी बघितली होती? ८ नोव्हेंबर २०१६ ची मात्र आपल्या चुलीपर्यंत आली. आठवतं ना? १ डिसेंबरला तर आपल्या मुरबाडचं धसई गाव राज्यातलं पहिलं रोखीशिवायचं गाव म्हणून पेपरात झळकलं, दुकानांत कार्डाची मशिनं आली. त्या वेळच्या पाचशे-हजाराच्या नोटा आता कुठंच बदलून मिळत नाहीत. 'आम्ही बदलून देतो' म्हणणारा फसवणारा समजा. आणि २०१७ च्या कायद्यानं तशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवता येत नाहीत. अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी असतील तर पंचवीसपर्यंत. त्यापेक्षा जास्त सापडल्या तर दंड दहा हजार रुपये किंवा नोटांच्या किमतीच्या पाचपट, जो जास्त असेल तो.

तिसरा ढीग, जपायच्या नोटा. यांना इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. पुसू नका, धुऊ नका. डाग असला तर असू दे. पूर्वी बँकेत गड्डीला पिना मारायच्या, म्हणून आपल्या बहुतेक जुन्या नोटांना भोकं असतात. भोक नसलेली, घडी नसलेली नोट म्हणूनच जास्त मोलाची. कोरडे हात, स्वच्छ पाकीट, सपाट वही. आपल्याकडं चार महिने भिंतीला ओल असते, म्हणून डबा पत्र्याच्या कपाटात उंचावर ठेवा आणि पावसाळा संपला की उघडून वारा द्या. उन्हात मात्र नको, रंग उडतो.

विकायचीच असेल तर? जुन्या नोटा विकत घेणारे खरे जाणकार असतात, तो धंदा खोटा नाही. पण खरा घेणारा नोट हातात घेऊन बघतो, भाव सांगतो आणि पैसे तो आपल्याला देतो. आपल्याकडून आधी एक रुपयाही मागत नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना दिली आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक नसते, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि आपल्या नावानं ते घ्यायचा अधिकार तिनं कोणाला दिलेला नाही. हे वाक्य घोकून ठेवा: विकणारीनं पैसे भरायचे नसतात. म्हैस विकायला बाजारात नेली तर गिऱ्हाईक आपल्याकडं नोंदणीचे पैसे मागतं का?

ज्यांना नुसतं बघायचं आहे, त्यांनी सहल काढा. मुंबईला फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय आहे, २००४ साली सुरू झालेलं. आसनगावहून लोकलनं सीएसएमटीला उतरायचं, तिथून चालत जाता येतं. मुरबाडकरणींनी कल्याणला गाडी धरायची. वर नाशिककडं जाणार असाल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था आहे, १९८० पासूनची. निघण्याआधी कधी उघडं असतं त्याची चौकशी करा, म्हणजे खेप फुकट जाणार नाही.

शेवटी एक गोष्ट. त्या चटईवर एका मैत्रिणीनं लुगड्याच्या चिंधीत बांधलेली पुरचुंडी ठेवली. तिच्या सासूबाई वारल्या, त्यानंतर नाचणीच्या डब्याच्या तळाशी सापडलेली. आत जुन्या पाचशेच्या नऊ नोटा. साडेचार हजार रुपये. आजीनं करवंदं विकली, रानभाजी विकली, मोहाची फुलं वेचून विकली, आणि सुटे पैसे जमले की दुकानदाराकडून पाचशेची नोट करून आणायची. २०१६ मध्ये गावभर बोंब झाली, लोक बँकेपुढं रांगा लावत होते, तेव्हाही आजी बोलली नाही. का? बोलली असती तर विचारलं असतं, एवढे पैसे तुझ्याकडं आले कुठून? म्हणून ती गप्प राहिली आणि तिचे कष्ट डब्यातच मेले.

आम्ही सगळ्या गप्प झालो होतो. मग फसलेली मैत्रीण म्हणाली, "माझे चोरानं नेले, आजीचे भीतीनं नेले."

त्या नऊमधली एक नोट सुनेनं गटाला दिली. आम्ही एक वही केली आहे, प्रत्येक पानावर एक नोट आणि खाली तिची हकिगत. मोराच्या नोटेखाली लिहिलंय, 'पहिल्या मजुरीची.' कोस्टा रिकाच्या नोटेखाली, 'भावानं आणली. घड चुकीचा धरला आहे.' आणि आजीच्या नोटेखाली तिची सगळी गोष्ट. बाजारात या वहीला कोणी फार पैसे देणार नाही. पण ८ मार्चला शाळेत मांडली तेव्हा पोरी वाकून वाकून वाचत होत्या.

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री डबे उघडा. तीन ढीग करा. चालतोय तो पैसा पासबुकात जाऊ दे, तुमच्या स्वतःच्या नावावर. गुपचूप साठवत असाल तर साठवा, त्यात लाज नाही, पण एका तरी विश्वासाच्या बाईला सांगून ठेवा. सासूबाई, आई घरात असतील तर त्यांच्याशेजारी बसा, हळूच विचारा आणि सापडलं तर रागावू नका. आणि फोनवर लाख द्यायला कोणी आलं, तर आधी गटात बोला, मग त्याच्याशी.

तुमच्या घरातल्या नोटेची गोष्ट आम्हाला ऐकायची आहे. पुढच्या बैठकीला ती घेऊन या. चला, भाकरी करपायच्या आत थांबतो. रामराम!